रॉकेलची ऊब आणि ती विकणारी माणसे



थंडी पडू लागली आहे. हरभऱ्याला पाणी आणि गव्हाला खत या गोष्टी आपण या पानावर नेहमी बोलतोच. आज विषय थोडा घरातला घेतो. खोली गरम करणारे जुने रॉकेलचे हीटर कुठून आले, ते कुणी काढले आणि कसे विकले, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे खोली तापवायची वेळच किती येते? खरे आहे. आपल्या घरात थंडीतला विस्तव अंघोळीच्या पाण्यासाठी. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, असा तांब्याचा बंब आपल्या तांबट मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या घडवला. त्याला ना जाहिरात लागली ना छापाचे नाव. पण मी सांगतो त्या हीटरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शेतकरीच होते. ज्यांच्या वस्तीवर विजेची तार पोचली नव्हती असे, अमेरिकेतले. म्हणून ही हकिकत शहरी मासिकापेक्षा आपल्या पानावर जास्त शोभते.

आधी तेलाचे पाहू. १८५९ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढले. त्यातून रॉकेल गाळू लागले. (आपला रॉकेल हा शब्द रॉक ऑइल म्हणजे खडकातले तेल यावरून, आणि घासलेट हा गॅसलाइटवरून आला.) १८७० मध्ये क्लीव्हलंड गावी जॉन रॉकफेलर यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापली. तिचा मुख्य माल मोटारीचे पेट्रोल नव्हता, कारण मोटारच नव्हती. मुख्य माल होता दिव्याचे रॉकेल. आता दिव्याला तेल लागून लागून किती लागणार? उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असला की खप कमी. त्यातच शहरांतून विजेचे दिवे येऊ लागले. तेल भरपूर आणि जाळायला जागा नाही, अशी ती अडचण होती.

त्याच क्लीव्हलंड गावात १८८८ साली फ्रान्सिस ड्रुरी आणि हेन्री पार्सन्स क्रॉवेल या दोघांनी एक ओतकामाचा कारखाना काढला. नाव क्लीव्हलंड फाउंड्री कंपनी. ड्रुरी हा यंत्राचे डोके असलेला माणूस. गवत कापायच्या यंत्राच्या दातेरी चाकांत त्याने सुधारणा केली होती. क्रॉवेल मात्र विकणारा. हा क्रॉवेल कोण, हे ऐकून गंमत वाटेल. तरुणपणी त्याची छाती कमजोर झाली. वडील क्षयाने गेलेले. त्यामुळे शाळा सुटली आणि मोकळ्या हवेत राहा असा सल्ला मिळाला. म्हणून त्याने डाकोटाच्या माळावर शेती केली, घोडे पाळले. बरा होऊन परत आल्यावर १८८१ मध्ये ओहायो राज्यातल्या रॅव्हेना गावची एक ओट दळायची गिरणी विकत घेतली. तिचे नाव क्वेकर. आजही किराणा दुकानात ज्या नावाचे ओट्सचे पाकीट दिसते, तेच हे.

ओट हे त्या काळी अमेरिकेत मुख्यतः घोड्याचे खाद्य. आपण नाही का रब्बीत दुभत्या जनावरांसाठी केंट जातीचा ओट चाऱ्याला करतो? वाण्याकडे ओट पिंपात उघडे असायचे. त्यात धूळ, उंदीर, काय वाटेल ते. क्रॉवेलने ते बंद पाकिटात भरले, पाकिटावर ठरलेले चित्र छापले आणि ते कसे शिजवावे हेही लिहिले. पोर्टलंड शहरात तर घरोघर नमुन्याची छोटी पाकिटे पोचवली. उघडा माल आणि नावाचा माल यांतला फरक ज्याला कळला, त्याला धंद्याची किल्ली सापडली. आपले गूळ, हळद, बेदाणा पिकवणारे लोक हे आज शिकत आहेत. क्रॉवेल ते सव्वाशे वर्षांपूर्वी करत होता.

हीच अक्कल त्याने रॉकेलच्या शेगडीला आणि हीटरला लावली. मालाचे नाव ठेवले पर्फेक्शन. हीटर म्हणजे गुडघ्यापेक्षा उंच, नळकांड्यासारखा पत्र्याचा डबा. तळाशी पितळी टाकी, तिच्यावर गोल वात, समोर ज्योत पाहायला अभ्रकाची खिडकी आणि वर उचलायला कडी. टाकीत चार क्वार्ट म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास तेल मावे आणि त्यावर नऊ तास हीटर चाले, असे जाहिरातीत असायचे. वात जास्त वर करता येऊ नये म्हणून त्यात एक अटकाव बसवला होता. मला तो अटकाव फार शहाणपणाचा वाटतो. वात जरा जास्त वर गेली की धूर होतो, काजळी धरते, भिंत काळी होते. आणि बाईमाणूस एकदा वैतागली की तो हीटर परत घरात येत नाही. अटकावामुळे कुणीही पेटवला तरी धूर होत नसे. निर्धूर, वास नाही, हाताने उचलून कुठल्याही खोलीत न्या, या तीन गोष्टी जाहिरातीत पुन्हा पुन्हा सांगितलेल्या असत. आणि त्या सांगितलेल्या असत घरातल्या बाईला. लाकूड फोडणे पुरुषाचे काम असले तरी पहाटे गारठ्यात उठून चूल पेटवणारी ती. गिऱ्हाईक कोण, हे क्रॉवेलने बरोबर ओळखले होते.

पुढची चाल त्याहून मोठी. क्लीव्हलंडचे हीटर स्टँडर्ड ऑइलने विकायला घेतले. १९१० च्या सुमाराच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत पर्फेक्शन हीटरच्या जाहिरातीखाली नाव असे ते स्टँडर्ड ऑइलचे. दुकानात मिळाला नाही तर तेल कंपनीच्या जवळच्या एजन्सीला लिहा, अशी सूचना असे. म्हणजे जिथे तेलाचा डबा पोचतो तिथे हीटर पोचला. कारखानदाराला स्वतःची दुकाने उभारावी लागली नाहीत, आणि तेल कंपनीला तेल जाळणारी लाखो तोंडे मिळाली. दोघांचा फायदा. गिऱ्हाईकाचाही फायदा होताच, पण त्याचा खर्च हीटरच्या किमतीवर संपत नव्हता, तो तिथून सुरू होत होता.

याच चालीचा आणखी उघडा नमुना चीनमध्ये दिसला. तिथे स्टँडर्ड ऑइलच्या न्यूयॉर्कच्या कंपनीने मेई फू नावाचे छोटे दिवे अगदी स्वस्तात वाटले. दिवा घरात आला की तेल कुठून येणार? मी तालुक्यात फिरताना शेतकऱ्यांना एक प्रश्न नेहमी विचारायला सांगतो. यंत्र स्वस्त मिळाले तर विकणाऱ्याची कमाई पुढे कशात आहे? गाळणीत, सुट्या भागांत, औषधात, की बियाण्यात? कमाई कुठे तरी असतेच, आणि तिच्यात वाईट काही नाही. पण ती घेण्यापूर्वी समजलेली बरी.

क्लीव्हलंडच्या कारखान्याचे नाव १९२५ मध्ये पर्फेक्शन स्टोव्ह कंपनी झाले. ड्रुरी फार श्रीमंत झाला. क्लीव्हलंडच्या नाटक मंडळीला थिएटरसाठी जागा दिली ती त्याने आणि त्याच्या पत्नीने. १९२७ मध्ये उभे राहिलेले ते थिएटर त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. क्रॉवेलने आपल्या उत्पन्नाचा मोठा वाटा धर्मकार्याला दिला.

आता दुसरा माणूस. व्हिक्टर सॅम्युअल जॉन्सन. नेब्रास्कातल्या शेतवस्तीत वाढलेला आणि चपट्या वातीच्या धुरकट कंदिलावर वाचत मोठा झालेला. पुढे साबणाच्या कंपनीत नोकरी करताना १९०५ साली त्याने एक जर्मन दिवा पाहिला. वात गोल, आणि ज्योतीवर जाळी, म्हणजे आपण गॅसबत्तीला बांधतो ते मेंटल. मेंटलची युक्ती ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख या शास्त्रज्ञाची. ते थोरियमच्या क्षाराने भिजवलेले असते. कापड जळून जाते आणि राखेचा सांगाडा लखलखतो. (हे थोरियम ज्या वाळूतून काढत, ती १९०९ मध्ये आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. काथ्याला चिकटून युरोपात गेलेल्या वाळूवरून एका जर्मन रसायनतज्ज्ञाने तिचा माग काढला.) जॉन्सनने हे दिवे मागवून विकायला सुरुवात केली आणि १९०८ साली शिकागोत मँटल लॅम्प कंपनी काढली. दिव्याला नाव दिले अलादीन. गोष्टीतला, घासला की राक्षस येणारा तोच दिवा.

या दिव्याला गॅसबत्तीसारखा पंप मारावा लागत नसे, सूं सूं आवाज नसे. साध्या कंदिलापेक्षा तेल कमी आणि उजेड कितीतरी जास्त. पण दिवा महाग होता. महाग वस्तू शेतकरी ऐकून घेत नाही, पाहून घेतो. हे जॉन्सनला सांगावे लागले नाही, तो स्वतः त्या घरातला होता. शेतीच्या साप्ताहिकांत त्याने जाहिराती दिल्या. दहा दिवस दिवा घरी वापरून पाहा, पटला नाही तर परत करा. याहून चांगला तेलाचा दिवा दाखवील त्याला एक हजार डॉलर बक्षीस. आणि सगळ्यांत हुशारीची गोष्ट म्हणजे प्रत्येक भागात एक शेतकरी हवा, ज्याच्या घरी आम्ही इतर गिऱ्हाइकांना दिवा पाहायला पाठवू; त्याला आपला दिवा बिनखर्चात मिळवता येईल. घोडागाडी किंवा मोटार असलेल्या माणसांना एजंट म्हणून बोलावणे असे. अनुभवाची अट नव्हती. संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी जायचे, दिवा लावून ठेवायचा, निघून यायचे. चार दिवसांनी परत गेले की घरातली मंडळी जुना कंदील हातात घ्यायला तयार नसत.

आम्ही कृषी विस्ताराची माणसे याला प्रात्यक्षिक म्हणतो. शंभर सभा घेतल्या तरी जे होत नाही ते एका शेतकऱ्याच्या वीस गुंठ्यांच्या प्लॉटने होते, कारण शेजारी बांधावर उभा राहून पाहतो. फरक एवढाच की आमच्या प्लॉटवर पीक उभे करायला चार महिने लागतात. जॉन्सनचा प्लॉट काडी ओढली की उभा राहायचा!

दिव्यावरून अलादीन हीटरकडे वळले ते इंग्लंडमध्ये. १९३० च्या दशकात लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे त्यांचा मोठा कारखाना झाला, आणि त्याच दशकात ब्लू फ्लेम म्हणजे निळ्या ज्योतीचा हीटर निघाला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. वात गोल असते आणि तिच्या आतून व बाहेरून, बारीक भोके पाडलेल्या नळकांड्यांतून हवा मिळते. हवा पुरली की रॉकेलची वाफ पूर्ण जळते आणि ज्योत निळी दिसते. हवा कमी पडली की पिवळी ज्योत, काजळी, वास. गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी झाली की आपण बर्नर साफ करतो, तसेच हे. वात एकसारखी कापलेली नसेल तर एका बाजूला पिवळी जीभ वर येते, ती अभ्रकाच्या गोल खिडकीतून लगेच दिसते.

इंग्लंडात या हीटरना खरा बहर आला १९५० नंतर. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके बसले, हजारो माणसे मेली, आणि १९५६ मध्ये कोळशाच्या धुरावर बंधन घालणारा कायदा झाला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, त्यांत भारतातून आणि वेस्ट इंडीजमधून गेलेले कितीतरी लोक, रॉकेलचा हीटर हाच परवडणारा आधार होता. तेल कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. एसोने आपले रॉकेल निळे रंगवले, अलादीनच्या नावाचे रॉकेल गुलाबी निघाले. आत तेल तेच, रंग जाहिरातीचा! आपल्याकडे रेशनचे रॉकेलही निळे असे, पण ते भेसळ आणि काळाबाजार पकडता यावा म्हणून. ही एसो म्हणजे त्या जुन्या स्टँडर्ड ऑइलच्याच कुटुंबातली. तिचा भारतातला व्यवसाय १९७४ मध्ये सरकारने घेतला आणि हिंदुस्थान पेट्रोलियम झाली.

आपल्याकडच्या एका तेल कंपनीने मात्र उलटे केले हे सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने नूतन हा वातीचा स्टोव्ह तयार केला. तो तेल वाचवण्यासाठी होता. देशात रॉकेल बाहेरून आणावे लागत होते आणि सरकार ते तोटा सोसून विकत होते. तेव्हा कंपनीचा फायदा गिऱ्हाइकाने कमी जाळण्यात होता. स्टोव्ह तोच, वात तीच, पण हिशेब कुणाचा यावर त्याची घडण बदलते.

इंग्लंडातल्या त्या बहराची दुसरी बाजू आगीची होती. पेटता हीटर उचलून नेताना, पेटत्या हीटरमध्ये तेल भरताना, दाराच्या झोताने ज्योत भडकून घरे जळली, लेकरे दगावली. शेवटी १९६० मध्ये ब्रिटिश संसदेला तेलाच्या हीटरचे मानक ठरवणारा कायदा करावा लागला. झोतात ज्योत भडकता कामा नये, अशा चाचण्या आल्या. खरे तर हे काम कारखानदारांनी आधीच करायला हवे होते. वातीला अटकाव बसवण्याइतकी अक्कल पन्नास वर्षांपूर्वी होती. झोताचा विचार करायला कायदा लागला.

अमेरिकेत या धंद्याला उतार लागला तो विजेने. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून तारा ओढल्या आणि कंदील खुंटीवर गेला. जॉन्सन १९४३ मध्ये वारला. त्याच्या मुलाने कंपनी नॅशव्हिलला नेली. १९५० साली त्यांनी शाळेच्या पोरांचा जेवणाचा पत्र्याचा डबा काढला, त्यावर सिनेमातल्या एका घोडेस्वाराचे चित्र लावले, आणि पहिल्याच वर्षात सहा लाखांच्या आसपास डबे खपले. दिवा विकणाऱ्याला डबा विकता आला, कारण घरात कोण काय मागते हे त्याला ठाऊक होते.

विजेच्या हीटरची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, इथे दोनच ओळी. १९०५ च्या सुमारास अमेरिकेच्या ॲल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियम मिसळून तार काढली. ती लाल होऊनही लवकर जळत नाही, तुटत नाही. १९१२ मध्ये इंग्लंडात चार्ल्स बेलिंग याने एका शेडमध्ये त्या तारेचे हीटर करायला घेतले. तुमच्या घरी कॉइलची शेगडी असेल तर तिच्यातही हीच तार आहे. दोन हजार वॉटची कॉइल तासभर चालली की दोन युनिट पडतात, एवढे मीटर पाहताना ध्यानात असू द्या.

आता तुमच्या कामाचे. रॉकेल असो, कोळसा असो, धुराड्याशिवायचा कुठलाही विस्तव बंद खोलीत ठेवून झोपू नका. कोळशाची शेगडी सर्वांत वाईट. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवताना खिडकी हातभर उघडी हवी आणि शेक झाल्यावर शेगडी बाहेर. हीच गोष्ट कोंबडीच्या पिलांच्या शेडची. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, म्हणून लोक पडदे घट्ट लावून आत शेगड्या पेटवतात, आणि सकाळी पिले कोपऱ्यात मेलेली मिळतात. पडद्याची वरची फट मोकळी ठेवा. आणखी एक. एक लिटर रॉकेल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटते. इंग्लंडातल्या त्या खोल्यांच्या भिंतींना ओल यायची ती याचमुळे. तेव्हा बियाण्याच्या कोठीत किंवा कांद्याच्या चाळीत सुकवणीसाठी असा हीटर लावण्याचा विचारही करू नका.

रेशनचे रॉकेल आता आपल्याकडे दुर्मीळ झाले, पण जपानात रॉकेलचे हीटर आजही घरोघर आहेत, आणि निळ्या ज्योतीचा तो अलादीन तिथे जवळजवळ त्याच जुन्या रूपात अजून विकला जातो. हौसेने जुना हीटर कुणी घेतलाच, तर आधी रिकाम्या टाकीत पाणी भरून ती झिरपते का पाहावे आणि मग पुरती वाळवावी. अभ्रक फुटलेले नसावे, वात मूळ मापाची असावी. तेल भरायचे ते विझवून, गार झाल्यावर, घराबाहेर. आणि वात कात्रीने कापू नये. जळलेली काजळी तेवढी एकसारखी पुसून काढावी.